भोंग्यानंतरचं कडवं

या, असे पुढे सरका. तिथं खांबाला टेकून बसलात तर माझा आवाज पोचायचा नाही, आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यातली नाही. गुडघे दुखत असतील तर पाय खुशाल पसरा. देव काही म्हणत नाही, म्हणतात ती माणसं. बुवा यायला अजून अवकाश आहे, तोवर एक सांगते. बाई जपानच्या, गाणं जपानचं, पण घडलं ते आपल्या पुण्यात, आणि मी तिथं उभी होते.

“इथंही ते करणार का हो? भोंगा?”

नात्सुएबाईंनी हे विचारलं तेव्हा आम्ही कर्वे रस्त्यावरच्या एका सभागृहाच्या रिकाम्या रंगमंचावर होतो. शनिवारची सकाळ. समोर खुर्च्यांच्या रांगा, वर शिडीवर चढून माणसं दिवे अडकवताहेत, आणि या बाई पांढरे कॅनव्हासचे बूट घालून, केस मागे घट्ट बांधून माइकपाशी उभ्या. पन्नाशी उलटलेली. प्रार्थनेच्या वेळी शाळेतल्या बाई उभ्या राहतात ना, अगदी तशा. या एके काळी चामड्याचं जाकीट घालून रॉक बँडमध्ये गात होत्या, हे कोणी सांगितलं नसतं तर मला पटलं नसतं.

“करणार म्हणजे काय!” मृण्मयी म्हणाली. “सेन्सेई, त्यांना सांगा, अख्खं सभागृह करणार. त्यासाठीच तर येताहेत सगळे.”

सेन्सेई म्हणजे मी. नलिनी गद्रे. जन्मभर पुण्यात जपानी शिकवलं. मृण्मयी खळदकर माझी विद्यार्थिनी, वर्गात सगळ्यांत जास्त बोलणारी आणि सगळ्यांत कमी गृहपाठ करणारी. जपानी चित्रमालिका असतात, ॲनिमे म्हणतात त्यांना, त्यांच्या वेडानं झपाटलेल्या पोरापोरींचा मेळा ती भरवायची. त्या वर्षी तिनं थेट एका मालिकेची गायिकाच बोलावली आणि दुभाषी म्हणून मला उभं केलं. मी म्हटलं, अगं, माझा आणि रॉक संगीताचा संबंध एवढाच, की शेजारच्या अनिकेतला सांगायचं, बाबा, जरा हळू लाव. तर म्हणाली, “सेन्सेई, तुम्हांला जपानी येतं, बाकी मी बघते.”

तर भोंगा. मृण्मयी शाळेत असताना मुलांच्या वाहिनीवर एक जपानी मालिका लागायची. ढगांवरून होडी हाकत घरोघर टपाल पोचवणाऱ्या मुलीची. बोलणं सगळं हिंदीत केलेलं, पण सुरुवातीचं गाणं मात्र कसं कोण जाणे, जपानीच राहिलं होतं. पोरांना एका शब्दाचा अर्थ कळत नव्हता आणि गाणं मात्र तोंडपाठ. गाणं दीड मिनिटाचं. ते संपता संपता ती होडी पडद्यावर समोर यायची, भोंगा वाजायचा ‘पोंऽऽ’, आणि मालिकेचं नाव झळकायचं. घराघरांतली पोरं त्या भोंग्याबरोबर गळा काढायची. जपानातही तेच, पुण्यातही तेच.

“मी तर त्या गाण्यापायी जपानी शिकले,” मृण्मयी म्हणाली. “लहानपणी काय बरळत होते ते कळल्यावर आठवडाभर हसत होते.”

नात्सुएबाई हसल्या. मग त्यांच्याबरोबर आलेल्या ओकुदा नावाच्या गृहस्थांकडे वळून हळूच म्हणाल्या, “ओकुदा-सान, इथं पूर्ण गाऊ या का?”

ओकुदा त्यांचे व्यवस्थापक. साठीचे, बारीक, शर्टाच्या खिशात तीन पेनं. त्यांनी मान हलवली. “ट्रॅक टीव्हीचाच आणलाय.”

मला कळेना. ट्रॅक म्हणजे गाण्यामागचं वाजवणं, आधी ध्वनिमुद्रित केलेलं. गाणारीनं त्यावर फक्त गायचं. तो भोंग्यापाशी संपत होता. म्हणजे पुढं गायचं तर मागं वाजणारं काहीच नाही.

“त्या गाण्याला पुढं काही आहे?” मी मृण्मयीला विचारलं.

“आहे ना, दुसरं कडवं आहे. इंटरनेटवर आहे की सगळं.” ती जरा घुटमळली. “पण खरं सांगू सेन्सेई? मी भोंग्यापाशी बंदच करते. त्याच्या पुढचं ते आपलं वाटतच नाही.”

हे मी बाईंना जपानीतून सांगायचं टाळलं. पण मृण्मयीचं मराठी त्यांना न कळताही कळलं असावं. त्यांनी माइकची तार नीट गुंडाळली आणि खाली ठेवली.

दुपारी मी त्यांना घरी जेवायला आणलं. ओकुदा हॉटेलवर गेले, त्यांना आपल्या आमटीची धास्ती होती. बाई मात्र जमिनीवर पाट घेऊन बसल्या, भातावर वरण घेतलं, वर लिंबू पिळलं आणि म्हणाल्या, “आमच्याकडे भात असा ओला करून आजारी माणसाला देतात.”

“आमच्याकडे धडधाकट माणसाला देतात, मग तो आजारी पडत नाही,” मी म्हटलं.

हसता हसता त्या बोलत्या झाल्या. समुद्रकाठच्या एका गावची चार पोरं, तीन मुलगे आणि या. मासे उतरवायच्या धक्क्यामागच्या शेडमध्ये वाजवायला शिकली, टोकियोला गेली, पुष्कळ वर्षं कोणी विचारलं नाही. मग ही मालिका मिळाली.

“आमच्यातले रॉकवाले हसायचे. म्हणायचे, कार्टूनवाले झालात. आम्हीही हसायचो, पण भाडं थकलेलं होतं.” त्यांनी लोणच्याची फोड जपून चाखली. “तिथं पद्धत काय, की निर्माते आधी शब्द देतात. आभाळ पाहिजे, होडी पाहिजे, मैत्री पाहिजे, उद्याचा दिवस पाहिजे. दीड मिनिटात ते सगळं बसवायचं. आधी एवढंच गाणं होतं, मालिकेपुरतं. मागाहून तबकडीसाठी पुढचं वाढवायचं. पहिलं कडवं आम्ही सहा जणांनी मिळून लिहिलं, त्यांतले दोघे तर जाहिरातवाले होते. दुसऱ्या कडव्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही. म्हणून ते शिन्पेईनं लिहिलं. एकट्यानं.”

“शिन्पेई कोण?”

“शिन्पेई इसोगाई. आमचा गिटारवाला. शेजारच्या घरातला.” भात कालवत म्हणाल्या, “मालिका संपायच्या आत गेला. रक्ताचा आजार होता.”

मी त्यांच्या ताटात आणखी थोडा भात वाढला.

“त्याची आई आहे गावाकडे. नव्वदीला टेकली. दर नव्या वर्षी मी जाते, तेव्हा ती एकच विचारते. नात्सुए, लोक ऐकतात ना गं शिन्पेईचं? मी सांगते, ऐकतात, मावशी. सगळे ऐकतात.” बाईंनी ताटातला भात बोटांनी सारखा केला. “कोणी ऐकत नाही, गद्रे-सान. भोंगा झाला की टाळ्या, आरडाओरडा, आणि मग झालं. एकदा मी हट्टानं पुढं गायले. लोक पिशव्या उचलत होते. ओकुदा-सान तेव्हापासून पूर्ण ट्रॅक आणतच नाहीत. त्यांना वाटतं मी पुन्हा रडेन. म्हातारी आता फार दिवसांची नाही. मला एकदा तिला खरं सांगायचंय. एकदाच.”

“काय आहे त्या कडव्यात?”

त्यांनी नकारार्थी मान हलवली. “नुसतं सांगण्यासारखं नाही ते. गाण्यासारखं आहे.”

मी जास्त खोदलं नाही. ताटं उचलली. संध्याकाळी माझा नेम होता. माघातला कीर्तन सप्ताह चालू, आणि त्या दिवशी वैजयंतीताई ढेकण्यांचं कीर्तन. मी म्हटलं, तुम्हांला हॉटेलवर सोडते, मला देवळात जायचंय. तर विचारतात, तिथं काय असतं? आता कीर्तन परक्या माणसाला एका वाक्यात कसं सांगावं? मी म्हटलं, एक बाई उभी राहून गाते, गाता गाता बोलते, बोलता बोलता पुन्हा गाते, आणि देव ऐकायला बसलेला असतो.

“मग मी येते,” म्हणाल्या.

सदाशिव पेठेतलं ते रामाचं देऊळ लहानसंच. आम्ही बायकांच्या बाजूला बसलो. शेजारी साठेकाकू, रोजच्याच. बाईंकडे बघून मला म्हणाल्या, “कुठल्या गं या? मणिपूरकडच्या का?” मी म्हटलं, जपानच्या. “अगंबाई, मग थोडी पुढं बसव, दिसू दे त्यांना.” आणि स्वतः मागं सरकल्या.

वैजयंतीताई उभ्या राहिल्या. नऊवारी, हातात झांजा, मागं तबला आणि पेटीवर अंबादासजी. नमन झालं, अभंग लावला. एक ओळ गायची, थांबायचं, ती ओळ उलगडून सांगायची, पुन्हा तीच ओळ. मी बाईंच्या कानाशी जमेल तेवढं सांगत होते. थोड्या वेळानं त्यांनी माझा हात दाबला. “नका सांगू. ऐकू द्या.”

पूर्वरंग संपला. आता इथं काय होतं तुम्हांला ठाऊकच आहे. भजन सुरू झालं, तबला चढला, ताईंच्या गळ्यात हार पडला, कपाळाला बुक्का लागला. सगळीकडे हालचाल, कोणी पाय मोकळे करतंय, कोणी नातवाला पाणी पाजतंय. नात्सुएबाईंना वाटलं, झालं. त्या उठून उभ्या राहिल्या आणि कमरेत वाकून मोठमोठ्यानं टाळ्या वाजवायला लागल्या. भर देवळात, एकट्या.

सगळ्या बायका वळून बघायला लागल्या. पुरुषांच्या बाजूनं कोणी तरी हसलं. मी कानकोंडी होऊन त्यांना खाली ओढणार, तेवढ्यात साठेकाकूंनीच त्यांच्या कुडत्याचं टोक धरून खाली बसवलं.

“बसा हो बाई. उठता काय? ही मधली विश्रांती. खरी गोष्ट तर पुढंच आहे!”

“काय म्हणाल्या त्या?” बाईंनी मला विचारलं. चेहरा लाल झालेला.

मी सांगितलं. साठेकाकूंचे शब्द जसेच्या तसे.

बाई नीट मांडी घालून बसल्या. मग हलकेच म्हणाल्या, “मी पण पिशवी उचलली.”

“अं?”

“भोंगा झाला आणि मी पण पिशवी उचलली, गद्रे-सान.”

उत्तररंगात ताईंनी नदीकाठच्या एका नावाड्याचं आख्यान लावलं. मी अर्थ सांगितला नाही, त्यांनी मागितला नाही. पण त्या आता गाण्याकडे बघत नव्हत्या, माणसांकडे बघत होत्या. साठेकाकूंकडे, नातवाला मांडीवर निजवून डोळे पुसणाऱ्या त्या आजीकडे, दाराशी चपला राखत बसलेल्या गुरवाकडे. मध्यंतराला चुळबुळ करणारं सगळं देऊळ एका जागी खिळून बसलं होतं.

आरती झाली. सगळ्यांबरोबर त्यांनीही वैजयंतीताईंच्या पायांवर डोकं ठेवलं. मग माझ्यामार्फत विचारलं, “विश्रांतीनंतर लोक परत कसे आणता?”

ताई पदरानं घाम पुसत होत्या. “आणायचे कशाला? गेलेले नसतातच ते. आधी त्यांना नाचू द्यायचं, बोलू द्यायचं, हार घालू द्यायचा. अडवलं तर ते मनातल्या मनात नाचत बसतात. ते निवले की गोष्ट सांगायची. एका माणसाची. अमुक गावी अमुक माणूस होता, एवढं म्हटलं की बघा, मान वर होते. गाणं मागाहून.”

“आणि मागं वाजवायला कोणी नसेल तर?”

“कोणी नसेल कसं?” ताई वळल्या. “अहो अंबादासजी, उद्या दुपारी काय करताय?”

अंबादासजी पेटीला गवसणी घालत होते. “झोपतोय. का?”

“या बाईंच्या मागं पेटी वाजवायची. जपानी गाणं आहे.”

“जपानी?” त्यांनी गवसणी काढून पुन्हा बाजूला ठेवली. “गुणगुणा म्हणावं.”

बाईंनी शब्द न घेता नुसती चाल गुणगुणली, देवळाच्या पायरीवर उभं राहून. अंबादासजींनी डोळे मिटून दोन-चार सूर चाचपले. “काळी पाच पट्टी. सोपं आहे हो. आपल्या कोळ्यांच्या चालीसारखं वळण आहे मधे. ठेका नको याला. नुसता सूर धरतो.”

दुसऱ्या दिवशी ओकुदांनी ऐकलं तेव्हा ते माझ्यावरच उखडले. जपानी माणूस उखडला की आवाज आणखी खाली जातो. “गद्रे-सान, तुम्ही त्यांना ओळखून एक दिवस झालाय. मी त्यांना त्या वेळी हॉलच्या मागं रडताना बघितलंय. पुन्हा तसं झालं तर त्या गाणं सोडतील.”

“सोडेन,” नात्सुएबाई शांतपणे म्हणाल्या. “पण आज गाईन. ओकुदा-सान, तुम्ही फक्त एक करा. विंगेत उभे राहू नका. समोर खुर्चीत बसा.”

मृण्मयीचा जीव कार्यक्रमपत्रिकेत अडकलेला. “सेन्सेई, भोंग्यानंतर लगेच वेषभूषा स्पर्धेचा निकाल आहे. पोरं आरडाओरडा करणार, ती थांबायची नाहीत. आणि पेटी? रॉकला पेटी?”

मी म्हटलं, “अगं, तू वर्गात कधी गप्प बसलीस? तरी जपानी शिकलीसच ना? होऊ दे.”

सभागृह गच्च भरलं. पोरापोरींनी केस निळे केलेले, कोणी टपालवाल्या मुलीची टोपी घातलेली, एकानं पुठ्ठ्याची अख्खी होडी कमरेला बांधलेली. ट्रॅक सुरू झाला आणि नात्सुएबाई गायला लागल्या तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की यांना जाकिटात का उभं करत असतील. माइक असा धरला होता, जसा वल्हं धरावं. सगळं सभागृह त्यांच्याबरोबर गात होतं, चुकीच्या शब्दांनी, बरोबर सुरात. आणि मग शेवट आला, आणि भोंगा. शेकडो गळ्यांतून एकदम ‘पोंऽऽ’. सभागृहाचे खांब हलले असतील. पुठ्ठ्याची होडी हवेत. टाळ्या, शिट्ट्या. काही जण उठलेसुद्धा.

बाई माइकपाशी उभ्या राहिल्या, हसत. अडवलं नाही. ओरडू दिलं. एका मुलीनं पुढं येऊन त्यांच्या गळ्यात झेंडूची माळ घातली, तीही त्यांनी घालू दिली. मी बाजूला उभी होते.

आवाज आपोआप उतरला. तेव्हा त्यांनी मला खूण केली. अंबादासजींनी पेटीचा एक सूर धरला, बारीक, न तुटणारा.

“अमुक गावी,” त्या जपानीत म्हणाल्या, मी मराठीत म्हटलं, “समुद्राकाठी एक बाई राहते. तिचं नाव हात्सु.”

उठलेल्यांतले काही तसेच उभे राहिले.

“तिचा नवरा मासे मारायला जायचा. तो परत येईपर्यंत ती जेवायची नाही. होडी दिसली की भात वाढायची. एके दिवशी होडी आली नाही.”

ती एकेक वाक्य बोलत होती, मी एकेक वाक्य सांगत होते. बाई म्हणायचं सोडून ‘ती’ म्हणाले बघा मी. तेव्हाही तसंच झालं होतं. ती आणि मी असं राहिलंच नव्हतं काही.

“त्यानंतरही ती अंधार पडेपर्यंत जेवायची नाही. सवय. मुलगा शाळेतून यायचा, ती त्याला वाढायची, आपण बसून राहायची. मुलगा मोठा झाला, टोकियोला गेला, गिटार वाजवायला लागला. फोन केला की विचारायचा, आई, जेवलीस? ती म्हणायची, अजून उजेड आहे रे. त्या मुलाचं नाव शिन्पेई इसोगाई. तुम्ही आत्ता जे गाणं गायलात, त्याचं दुसरं कडवं त्यानं लिहिलं. ते होडीवाल्या मुलीसाठी नाही. ते त्याच्या आईसाठी आहे.”

आता कोणी उभं नव्हतं. केव्हा बसले कोण जाणे.

ती गायली. पेटीच्या एका सुरावर. एक ओळ गायची, थांबायची, आणि मला ती ओळ सांगायला जागा ठेवायची. मी ती ओळ तेव्हाच ऐकत होते, तुमच्यासारखीच पहिल्यांदा.

“आई, दिव्याची वात कमी कर.

होडी निघाली आहे, पण वाट लांबची आहे.

भात निवतो आहे, माझ्यासाठी थांबू नकोस.

तू जेवून घे.”

इथं माझा आवाज बसला. मी खाकरले, पुन्हा म्हटलं, पुन्हा बसला. तेव्हा पुढच्या रांगेतून मृण्मयीनंच ते वाक्य मोठ्यानं म्हटलं, “तू जेवून घे.” आणि शेवटची ओळही तिनंच सांगितली.

“तू जेवलीस की मला कळतं. मग मला कसली घाई नाही.”

टाळी पडली नाही. एकही नाही. ओकुदा पहिल्या रांगेत खुर्चीच्या कडेला बसले होते, मांडीवर हात ठेवून, पेनांचा खिसा वर-खाली होत होता. मग ती पुठ्ठ्याची होडी बांधलेला मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “सेन्सेई, त्यांना सांगा ना, ती एक ओळ परत.”

बाईंनी ‘तू जेवून घे’ची ओळ परत घेतली. मी दोन्ही हात वर केले, देवळात ताई करतात तसे. आणि त्या पोरांनी ती उचलली. त्यांना जपानी येत नव्हतं, पण कानानं शब्द उचलायचं कसब त्यांच्याकडे लहानपणापासूनचं होतं. सगळं सभागृह एका म्हातारीला जेव म्हणत होतं. ओकुदांनी खिशातून फोन काढला आणि हात वर करून धरला. तो हात गाणं संपेपर्यंत खाली आला नाही.

वेषभूषा स्पर्धेचा निकाल त्या दिवशी लागलाच नाही. मृण्मयीनं नंतर तो फेसबुकवर टाकला.

सोमवारी सकाळी बाई आणि ओकुदा विमानतळावर जायच्या आधी माझ्याकडे आले. जपानात तेव्हा दुपार होत आली होती. आमच्या जेवणघरातल्या टेबलावर फोन ठेवून बाईंनी हात्सुमावशींना लावला. शेजारच्या कोणी तरी फोन त्यांच्या कानाशी धरला असावा. आधी तर नुसते श्वास ऐकू आले.

“मावशी, मी नात्सुए. भारतातून.”

“अगं, तिकडं कशाला गेलीस? ऊन आहे का तिकडं?”

“आहे. मावशी, ऐका.” आणि ओकुदांनी आपला फोन त्या फोनशेजारी धरून ते ध्वनिमुद्रण लावलं. त्यात बाईंचा आवाज, पेटी आणि ती सगळी पोरं.

ते संपलं. नात्सुएबाईंनी टेबलाची कड धरली होती.

“मावशी? लोकांनी ऐकलं. शिन्पेईचं. सगळ्यांनी ऐकलं.”

“हं,” म्हातारी म्हणाली. “फार माणसं होती गं.”

“फार होती.”

“पोरंच वाटली आवाजावरून. ती सगळी जेवून घरी गेली ना?”

बाईंनी माझ्याकडे बघितलं. फोन माझ्याकडे सरकवला. मी फोनकडे वाकले आणि त्यांच्या भाषेत सांगितलं, “आजी, मी इथली. सगळी जेवली. आमच्याकडे बटाट्याचा वडा करतात, पावात घालून. पोटभर खाल्ला पोरांनी, मी पाहिलं.”

“बरं झालं,” म्हातारी म्हणाली. मग फोन धरणाऱ्या शेजारणीला म्हणालेली आम्हांला ऐकू आली, “वाढ गं मला. आता बसते मी जेवायला.”

बाहेर लख्ख दुपार असणार तिथं.

त्या दोघींनाही जाऊन आता बरीच वर्षं झाली, आधी मावशी, मग नात्सुएबाई. मृण्मयीला मुलगी आहे, ती झोपताना ते गाणं मागते, आणि मृण्मयी भोंग्यापाशी थांबत नाही. ते बघा, अंबादासजींचा नातू पेटी घेऊन आला, आता बुवा येतीलच. माझं मागणं एवढंच. आज घरी गेलात, ताटावर बसलात आणि कोणी तरी तुमची वाट बघत उपाशी बसलेलं दिसलं, तर त्या माणसाला आधी जेवायला बसवा. आणि बसवताना त्या पोराचं नाव एकदा मनात घ्या. शिन्पेई इसोगाई. म्हणून बघा माझ्यामागं. शिन्पेई इसोगाई. हं, असंच. तेवढं ध्यानात असू द्या.